निसर्गोपक्रम आणि स्वमग्न मूल : उधन्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

शालेय पर्यावरण शिक्षणाला आपल्या देशात न्यायालयीन आदेशाचे पाठबळ आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय शिक्षणात अनिवार्य करण्याचे निर्देश दिले आणि १८ डिसेंबर २००३ च्या आदेशाने एनसीईआरटीच्या अभ्यासक्रमाला सर्व राज्यांसाठी बंधनकारक स्वरूप आले. त्याआधीच, २००१-०२ पासून, 'राष्ट्रीय हरित सेना' या योजनेखाली शाळाशाळांतून पर्यावरण मंडळे स्थापन होऊ लागली होती. दुसऱ्या बाजूला दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा कायदाही क्रमाने विस्तारत गेला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वात स्वमग्नतेला स्वतंत्र स्थान दिले.

कागदावर हे दोन्ही प्रवाह भरून वाहतात. प्रत्यक्षात ते एकमेकांना मिळतात का, हा खरा प्रश्न आहे. ५ जूनला शाळा झाडे लावायला बाहेर पडते किंवा डिसेंबरात निसर्गसहलीची बस निघते, तेव्हा स्वमग्न मूल कोठे असते? "त्या दिवशी त्याला घरीच ठेवा, गर्दीत त्रास होईल," हे वाक्य सदिच्छेने उच्चारले जाते आणि पालकही ते मुकाट्याने मान्य करतात. प्रस्तुत लेखात या वाक्यामागील गृहीतांची तपासणी करावयाची आहे. त्यासाठी प्रचलित उपक्रमांची रचना, कोसबाडचा बालशिक्षणाचा वारसा आणि एका स्वमग्न मुलाने लिहिलेली निसर्गविषयक रोजनिशी, असे तीन आधार घेतले आहेत. या तिन्हींची कसोटी म्हणून सुरतमधील उधना हा परिसर निवडला आहे.

उधना : परिसर आणि भाषा

उधना म्हटले की सामान्यतः यंत्रमाग, औद्योगिक वसाहत आणि रेल्वे जंक्शन डोळ्यांपुढे येते. येथूनच तापी खोऱ्याचा लोहमार्ग नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे वळतो. याच मार्गाने खानदेशातील हजारो कुटुंबे पोटासाठी सुरतेत आली आणि उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत स्थिरावली. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा गुजरातीबरोबरच मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू अशा माध्यमांतून चालतात, त्यामागेही हेच स्थलांतर आहे.

येथील मूल घरी अहिराणी बोलते, वर्गात प्रमाण मराठी वाचते, दुकानात गुजराती ऐकते आणि गल्लीत हिंदीत खेळते. सर्वसाधारण मूल या चार भाषांत सहज वावरते. शब्दाचा अर्थ काटेकोरपणे धरून ठेवणाऱ्या स्वमग्न मुलाची मात्र येथे गल्लत होऊ शकते. साधे उदाहरण चिमणीचे घेता येईल. मराठीतील 'चिमणी' गुजरातीत 'चकली' होते आणि मराठी घरात चकली हा दिवाळीच्या फराळाचा पदार्थ असतो. शिवाय 'चिमणी' म्हणजे रॉकेलचा दिवाही आणि पांडेसऱ्याच्या गिरणीचे धुराडेही. पक्षिनिरीक्षणाला निघालेले शिक्षक "चकली बघ" म्हणतात आणि मूल शिक्षकांच्या हातांकडे पाहते, तेव्हा चूक मुलाची नसते. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचे नुकसान होते, असे आजवरच्या अभ्यासांत आढळलेले नाही. म्हणून घरची भाषा सोडावयास सांगणे हा यावरील उपाय नव्हे. शब्दाबरोबर चित्र आणि प्रत्यक्ष वस्तू दाखवणे, हा उपाय आहे.

निसर्गाच्या दृष्टीने उधना दरिद्री मानला जातो. सरथाणा येथील महापालिकेचे निसर्ग उद्यान शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, डुमसचा किनाराही लांब आहे. शेजारच्या बमरोली-भीमराड बाजूस खाडीकाठी ८७ हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर जैवविविधता उद्यान उभारण्याच्या कामाची पायाभरणी सप्टेंबर २०२२ मध्ये झाली. परंतु निसर्ग म्हणजे उद्यान किंवा अभयारण्य असे समीकरण मांडले की उधन्याच्या मुलाच्या वाट्याला वर्षातून एक दिवस येतो. रस्त्याकडेचा कडुनिंब, शाळेच्या आवारातील बदाम, पत्र्यावर उतरणारी साळुंकी, गटाराकाठी वाढलेला एरंड, पहिल्या पावसानंतर भिंतीवर उगवणारे शेवाळ, हा निसर्ग मात्र रोजचा आहे आणि चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पुढील विवेचनात या फरकाला विशेष महत्त्व आहे.

स्वमग्नता : आवश्यक तेवढी ओळख

अमेरिकेतील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचे वर्णन करून स्वमग्नतेची वैद्यकीय मांडणी केली. पुढील काळात ही संकल्पना व्यापक होत गेली आणि आज स्वमग्नता ही अनेक छटांची अवस्था मानली जाते. काही मुले अजिबात बोलत नाहीत, काही अखंड बोलतात. काहींना बौद्धिक अक्षमता असते, काहींची स्मरणशक्ती थक्क करणारी असते. संवादातील अडचण, ठरलेल्या क्रमाचा आग्रह आणि विशिष्ट विषयांची तीव्र ओढ ही लक्षणे पूर्वीपासून सांगितली जात होती. २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेने त्यांत संवेदनांची अतितीव्रता किंवा अतिमंदता ही बाबही समाविष्ट केली. निसर्गोपक्रमांच्या दृष्टीने ही भर सर्वांत महत्त्वाची आहे. इतरांना गुदगुल्या करणारे गवत एखाद्या मुलाला टोचते. ढोलाचा आवाज त्याला कानात घाव घातल्यासारखा वाटतो. उलट दुसरे मूल ओल्या मातीत तासभर हात घालून शांत बसते.

भारतातील ५ ठिकाणी झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत स्वमग्नतेचे प्रमाण शंभर मुलांमागे एक किंवा किंचित अधिक आढळले. हे प्रमाण ध्यानात घेतले तर पाचशे-सहाशे पटाच्या शाळेत अशी पाच-सहा मुले असणे अपेक्षित आहे. ती हजेरीपटावर दिसत नसतील तर ती 'मंद', 'हट्टी' किंवा 'मुकी' या नावांखाली दडलेली असतात, नाहीतर शाळेपर्यंत पोचलेलीच नसतात.

प्रचलित उपक्रमांची चिकित्सा

शाळांतून चालणाऱ्या निसर्गोपक्रमांचे चार ठरीव प्रकार दिसतात : घोषणा देत निघणारी प्रभातफेरी, वृक्षारोपणाचा समारंभ, वार्षिक सहल आणि निबंध-चित्रकला-वक्तृत्व स्पर्धा. या चारही प्रकारांत काही समान गृहीते आहेत.

पहिले गृहीत असे की, निसर्गाचा आनंद समूहाने आणि मोठ्याने व्यक्त व्हावयास हवा. दुसरे, नवी जागा म्हणजे नवा अनुभव, म्हणून दरवर्षी ठिकाण बदलावे. तिसरे, जे पाहिले ते शब्दांत सांगता आले तरच ते शिकले. चौथे, स्पर्धा लावल्याशिवाय मुले लक्ष देत नाहीत. स्वमग्न मुलासाठी ही चारही गृहीते चार अडथळे ठरतात. त्याला समूहाचा गोंगाट सहन होत नाही, अनोळखी जागेची धास्ती वाटते, शब्द वेळेवर सुचत नाहीत आणि स्पर्धेतील चढाओढीचे त्याला प्रयोजन कळत नाही. मग तो कान झाकतो, पळू लागतो किंवा जमिनीवर लोळण घेतो. नोंदवहीत "उपक्रमास अयोग्य" असा शेरा पडतो.

येथे विचारावयास हवे की, अयोग्य कोण? चाळीस मुले घोषणा देत खाडीकाठी पोचली तर एकही बगळा जागेवर राहत नाही. वर्षातून एकदा पाहिलेल्या झाडाचा मोहोर कधी येतो आणि पाने कधी झडतात, हे कोणालाच कळत नाही. ५ जूनला लावलेल्या रोपाकडे १५ ऑगस्टला कोणी फिरकत नाही. निरीक्षणासाठी शांतता, पुनरावृत्ती आणि तपशिलाचा ध्यास लागतो. हे तिन्ही गुण अनेक स्वमग्न मुलांच्या स्वभावातच असतात आणि शाळेचा उपक्रम नेमके तेच बाहेर ठेवतो. स्वमग्न मूल ज्या उपक्रमात टिकू शकत नाही, तो उपक्रम बहुतेक वेळा इतर मुलांनाही निसर्ग शिकवीत नसतो; फक्त ती मुले तक्रार करीत नाहीत.

धोरणाच्या पातळीवरही ही फारकत दिसते. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ च्या निमित्ताने एनसीईआरटीने तज्ज्ञगटांचे निबंध प्रसिद्ध केले. त्यांत परिसर आणि अध्ययन या विषयावर एक आणि विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणावर दुसरा, असे दोन स्वतंत्र निबंध आहेत. शाळेत पहिला विषय विज्ञान शिक्षकाच्या टेबलावर गेला, दुसरा विशेष शिक्षकाच्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीसाठी १० दिवस दप्तराविना शिक्षणाची शिफारस केली आहे. त्या दहा दिवसांचे नियोजन करताना हे दोन शिक्षक एका टेबलाशी बसले नाहीत, तर तेही दहा दिवस काही मुलांसाठी सुट्टीचेच ठरतील.

कोसबाडचा वारसा

उधन्याहून मुंबईकडे जाणाऱ्या लोहमार्गावर घोलवड हे लहान स्थानक लागते. तेथून जवळच बोर्डी आणि कोसबाड आहेत. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुजराती आणि मराठी बालशिक्षणाचा हा समान वारसा उधन्यासारख्या दुभाषिक वस्तीला विशेष जवळचा वाटावा.

ताराबाईंच्या कार्याचा गाभा एका साध्या निरीक्षणात आहे. वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी मुलांना बोल लावला नाही. त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. वारली मुले गुरे राखावयास जातात म्हणून शाळा चुकते, हे दिसल्यावर शिक्षक कुरणात गेले आणि 'कुरणशाळा' जन्मास आली. तेथील दगड, बिया, पाने हेच शिक्षणसाहित्य झाले. मूल शाळेला जुळत नसेल तर शाळेने जागा, वेळ आणि साहित्य बदलावे, हा विचार पुढे 'अंगणवाडी' या नावाने १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेतून देशभर पोचला. नाव पोचले, पण त्यामागचे तत्त्व तेवढे पोचले असे म्हणता येत नाही.

या वारशाचे मूळ आणखी मागे शोधले तर एक विलक्षण गोष्ट हाती लागते. ताराबाई आणि गिजुभाई यांनी मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीचा आधार घेतला. माँटेसरींनी आपल्या इंद्रियशिक्षणाची साधने ईतार आणि सेगँ या दोन फ्रेंच शिक्षकांच्या कामातून विकसित केली आणि त्यांचा पहिला प्रयोग बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांबरोबर केला. सर्वसाधारण मुलांसाठीचे 'कासा देई बांबिनी' त्यानंतर, १९०७ मध्ये रोममध्ये उघडले. ईतार यांनी शिकवलेला व्हिक्टर हा १८०० मध्ये दक्षिण फ्रान्सच्या अरण्यातून बाहेर आलेला न बोलणारा मुलगा होता. तो स्वमग्न असावा, अशी शक्यता मानसशास्त्रज्ञ उटा फ्रिथ यांनी १९८९ मधील आपल्या ग्रंथात मांडली आहे. म्हणजे स्पर्श, वास, आवाज यांतून शिकवण्याची जी पद्धत आज प्रत्येक बालवाडीत मिरवली जाते, तिची सुरुवातच अशा मुलांना शिकवताना झाली. ज्यांच्यामुळे ती सापडली, त्यांनाच आज तिच्या दाराबाहेर ठेवणे ही केवळ अन्यायाची बाब नसून विस्मरणाचीही आहे.

एका स्वमग्न मुलाची रोजनिशी

स्वमग्न मुलांविषयी बहुतेक लेखन पालकांनी किंवा तज्ज्ञांनी केले आहे. उत्तर आयर्लंडमधील डारा मॅकअनल्टी या मुलाचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेले 'डायरी ऑफ अ यंग नॅचरलिस्ट' हे पुस्तक त्यास अपवाद आहे. लेखक स्वतः स्वमग्न आहे. त्याच्या एका वर्षाच्या नोंदी ऋतुक्रमाने यात आल्या आहेत. ब्रिटनमधील निसर्गलेखनाचा वेनराइट पुरस्कार या पुस्तकास त्याच वर्षी मिळाला.

शिक्षकांच्या दृष्टीने या पुस्तकातील तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक, डारा तीच ती ठिकाणे पुन्हापुन्हा पाहतो आणि घर बदलावे लागते तेव्हा परिचित जागा सुटल्याने कोलमडतो. दोन, शाळेतील छळाचे ओझे घेऊन तो पक्ष्यांकडे जातो, परंतु त्याचा निसर्ग हा केवळ विसावा नाही; तो अभ्यासाचा आणि पुढे सार्वजनिक कृतीचाही विषय होतो. तीन, त्याचे आईवडील त्याच्या ओढीला लक्षण मानून दडपत नाहीत, तिला वाट करून देतात.

असे असले तरी या पुस्तकाचा आदर्श जसाच्या तसा उधन्यात आणणे धोक्याचे आहे. डारा अस्खलित लिहितो. अनेक स्वमग्न मुले बोलतही नाहीत. सर्वच स्वमग्न मुलांना पक्षी आवडतील असेही नाही. एखाद्याला पंख्याचे पाते किंवा मागाचा धोटा अधिक प्रिय असेल. "स्वमग्न म्हणजे जन्मजात निसर्गप्रेमी" हा नवा साचा जुन्या साच्याइतकाच घातक आहे. शिवाय डाराच्या मागे त्याच्यासोबत डोंगरकपारी हिंडणारे कुटुंब उभे आहे. उधन्यातील वडील मागावर बारा तासांची पाळी करतात आणि आई घरी साड्यांचे धागे कापण्याचे किंवा टिकल्या लावण्याचे काम नगावर करते. मुलाला फिरावयास नेणे म्हणजे तिची त्या दिवसाची मजुरी बुडणे. "पालकांनी सोबत यावे" ही अट घालून मुलाला सहलीस प्रवेश देणाऱ्या शाळेने हा हिशेब कधी मांडला आहे काय? ती अट दिसावयास सवलत असली तरी परिणामाने ती नकारच असते.

निसर्ग : औषध की हक्क

अलीकडे निसर्गसहवास मुलांना 'बरे' करतो, असा सूर ऐकू येतो. रिचर्ड लूव या अमेरिकन लेखकाने २००५ मध्ये 'निसर्गवंचनेचा विकार' ही संज्ञा रूढ केली. ती वैद्यकीय निदान नाही, हे त्याने स्वतःही मान्य केले आहे, पण व्याख्यानांतून ती विकार म्हणूनच वापरली जाते. हिरव्या परिसरामुळे लक्ष आणि मनःस्थिती सुधारते, असे सुचवणारे अभ्यास आहेत. स्वमग्न मुलांपुरते बोलावयाचे तर ते बहुधा लहान गटांवर झालेले आहेत आणि त्यांवरून उपचाराचा दावा करणे योग्य नाही.

या भाषेत आणखी एक दोष आहे. निसर्गाला औषध मानले की गुण आला नाही तर ते बंद करण्याची मुभा मिळते. इतर मुलांना आपण "सहलीने तुझे गणित सुधारले का?" असे विचारत नाही. मग स्वमग्न मुलाने पावसात भिजण्यासाठी आपली प्रगती सिद्ध का करावी? झाडाखाली बसणे हा त्याचा हक्क आहे. त्याचा लाभ झाला तर उत्तमच, परंतु तो हक्काची अट असू शकत नाही.

उपक्रमाची फेरमांडणी

टीकेबरोबर पर्याय सांगणे आवश्यक ठरते. उधन्यातील शाळेसाठी पुढील मांडणी विचारात घेता येईल.

ठिकाण एकच असावे आणि ते चालत जाण्याच्या अंतरावर असावे. शाळेजवळचे एक झाड वर्षभर, आठवड्यातून एकदा, त्याच वारी, त्याच वेळी पाहावे. मागांचा खडखडाट आणि वाहतूक कमी असलेली वेळ शिक्षकाने आधी स्वतः जाऊन ठरवावी. गट तीन-चार मुलांचा असावा आणि त्यात स्वमग्न मुलाबरोबर इतर मुलेही असावीत. केवळ 'विशेष' मुलांची वेगळी बस आणि वेगळा दिवस, हा समावेश नव्हे.

निघण्यापूर्वी क्रम चित्रांनी दाखवावा : चप्पल, फाटक, झाड, पाहणे, पाणी, परत. ही छायाचित्रे त्याच रस्त्याची असावीत. काही बदल होणार असेल तर तो आदल्या दिवशी सांगावा. स्पर्शाची सक्ती करू नये. थकवा आला तर बसण्यासाठी एक शांत जागा आधीच दाखवून ठेवावी आणि तेथे जाणे ही शिक्षा नाही, हे सर्व मुलांना समजावे. कान झाकण्याची मुभा असावी. काम ओढीनुसार वाटावे. ज्याला मोजणे आवडते त्याने गळलेली पाने मोजावी, ज्याला रांगा लावणे आवडते त्याने बिया मांडाव्या, ज्याला बोलता येत नाही त्याने चित्रावर बोट ठेवून नोंद करावी. अशा नोंदीला निबंधाइतकेच गुण मिळावेत.

सुरक्षिततेचा मुद्दा गौण मानता येणार नाही. काही स्वमग्न मुले अचानक निघून जातात आणि पाण्याकडे ओढली जातात. त्यांना बुडण्याचा धोका इतर मुलांपेक्षा कितीतरी अधिक असतो. म्हणून खाडी किंवा कालव्याच्या काठचा उपक्रम पुरेशा मोठ्या माणसांशिवाय आणि प्रत्येक मुलावर एकाची नजर ठेवल्याशिवाय करू नये. काही मुले हाती लागेल ते तोंडात घालतात. रस्त्याच्या दुभाजकात सर्रास लावली जाणारी कण्हेर, पडीक जागेतील धोत्रा, एरंडाच्या बिया आणि गुंजा विषारी आहेत, हे शिक्षकास ठाऊक असलेच पाहिजे. मात्र धोक्याचे नाव करून मुलास घरी ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, हेही ध्यानात असावे.

या सर्वांस माणसे लागतात. विशेष शिक्षकांच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडेय प्रकरणात प्राथमिक स्तरावर १० आणि उच्च प्राथमिक स्तरावर १५ दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण सांगितले. ते प्रत्यक्षात येईपर्यंत स्वस्थ बसणे परवडणारे नाही. येथेच समुदाय महाविद्यालयांची भूमिका सुरू होते. बालवाडी शिक्षिका, आरोग्य सहायक, समाजकार्य अशा अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांस येणाऱ्या विद्यार्थिनी बहुधा अशाच वस्त्यांतून येतात आणि मुलाच्या घरची भाषा जाणतात. त्यांच्या प्रात्यक्षिकात 'एक झाड, एक मूल, एक सत्र' असा प्रकल्प ठेवता येईल. विद्यार्थिनीने सत्रभर एका गटासोबत तेच झाड पाहावे आणि झाडाबरोबरच मुलाचीही नोंद ठेवावी : त्याने कशाकडे पाहिले, कशाने कान झाकले, कोणत्या दिवशी स्वतःहून फाटकाकडे चालत गेला. अशा प्रकल्पास मोठा खर्च लागत नाही. आईची मजुरी बुडत नाही आणि शाळेस एक जाणती मदतनीस मिळते. मूल्यमापन मात्र सजवलेल्या फाइलीवर न होता नोंदींच्या सातत्यावर व्हावे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, स्वमग्न मुलाला निसर्गोपक्रमात आणण्याचा प्रश्न हा मुलाच्या क्षमतेचा कमी आणि उपक्रमाच्या रचनेचा अधिक आहे. गर्दी, घोषणा, नवलाई आणि स्पर्धा यांवर उभा असलेला उपक्रम त्याला बाहेर ठेवतो आणि आत राहिलेल्यांनाही फारसे काही देत नाही. शांतता, सातत्य आणि तपशील यांवर उभा केलेला उपक्रम सर्वांनाच उपयोगी पडतो. त्यासाठी अरण्य लागत नाही, उधन्यातील एक कडुनिंबही पुरतो.

ताराबाईंपुढे मुले येत नव्हती तेव्हा त्यांनी प्रश्न मुलांना विचारला नाही, शाळेला विचारला. आज शाळेची रांग फाटकाबाहेर पडताना जे मूल खिडकीशी उभे असते, त्याच्या बाबतीतही प्रश्न शाळेलाच विचारावयास हवा. तो विचारण्याची सवय भावी शिक्षिकांना लावणे हे महाविद्यालयीन अध्यापकांच्या हाती आहे.